नेलपॉलिशच्या खुणा

दिव्याशिवाय गाडी चालवायला शिकवताना पहिला अर्धा तास गाडी चालवायचीच नसते. इंजिन बंद, केबिनमधला दिवा बंद, मीटरच्या काचेवर काळी चिकटपट्टी, मोबाइल खिशात. ड्रायव्हरने नुसतं बसायचं आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची. नव्या बॅचमधले निम्मे जण या अर्ध्या तासातच वैतागतात. एकाने मला विचारलं होतं, "हे शिकवायला तुम्हाला हैदराबादहून पाठवलं का मॅडम? बसायला तर मला घरीपण येत होतं."

मी स्वतः ड्रायव्हर नाही. स्कूटर चालवते, तीही वळणावर पाय टेकवत. इलेक्ट्रॉनिक्स शिकून मी हैदराबादच्या एका कंपनीत लागले. ही कंपनी नाइट व्हिजन गॉगल, म्हणजे रात्री बघायचे चष्मे, पुरवते आणि दुरुस्त करते. आदिलाबाद जिल्ह्यातल्या जंगलात तैनात असलेल्या एका निमलष्करी तुकडीने ते घेतले होते. गॉगलची देखभाल करायला आणि ड्रायव्हरांना ते वापरायला शिकवायला तिथे राहील असं माणूस कंपनीला हवं होतं. त्यांनी माझी फाइल उघडली. मूळ जिल्हा आदिलाबाद. भाषा मराठी, तेलुगू, हिंदी, इंग्रजी. चार भाषा येणारी मुलगी त्यातल्या एकाही भाषेत फारसं बोलत नाही, हे फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

मुलीने असं वेगळं काम केलंय तर लिहाच, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी उत्साहाचं असावं. तसं लिहिणं मला जमलेलं नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात बोलले आणि लिहायला फार उशिरा शिकले, म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते.

आमचा तळ इचोड्यापासून आत, जंगलाच्या बाजूला होता. आता राज्य वेगळं होणार असं रोज पेपरात येतं, पण तेव्हा तळावर आंध्रचे, महाराष्ट्राचे, उत्तरेचे असे सगळे एकत्र असायचे. जंगलातल्या रस्त्यावर गाडीचा हेडलाइट दोन-तीन किलोमीटरवरून दिसतो. पुढे कोणी दबा धरून बसलं असेल तर त्याला तयारीला भरपूर वेळ मिळतो. म्हणून तुकडीचे ट्रक सगळे दिवे बंद करून निघायचे. ड्रायव्हरच्या हेल्मेटला गॉगल बसवलेला असायचा. चांदण्यांचा जो काही उजेड असेल तो गॉगल कित्येक पटींनी वाढवून डोळ्यांपर्यंत आणतो.

त्यातून जग हिरवं दिसतं हे सिनेमामुळे सगळ्यांना माहीत असतं. बाकीचं माहीत नसतं. नळकांड्यातून बघावं तेवढाच समोरचा तुकडा दिसतो, त्यामुळे मान सतत डावीकडून उजवीकडे फिरवत ठेवावी लागते. जवळ काय आणि लांब काय हे नीट कळत नाही. खड्डा आणि सावली सारखीच काळी दिसते. डबक्यात आभाळ उतरलेलं असतं, त्यामुळे खोल डबकं उजळ आणि सपाट दिसतं, आणि नवा ड्रायव्हर आनंदाने त्यातच गाडी घालतो. म्हणून चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त, एवढाच वेग ठेवायचा. नाला किंवा पूल आला की एकाने खाली उतरून पुढे चालायचं. त्याला गाइड म्हणतात. त्याच्या हातात इन्फ्रारेड टॉर्च असतो. त्याचा उजेड उघड्या डोळ्यांना दिसत नाही, गॉगलमधून मात्र पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. टॉर्च वर-खाली म्हणजे ये. आडवा, डावीकडून उजवीकडे, म्हणजे थांब. टॉर्च दिसेनासा झाला तरी थांब. गाइड आणि गाडीत दहा पावलांचं अंतर. गाइडचा जीव या चार वाक्यांवर असतो, म्हणून मी ती ड्रायव्हरांकडून रोज म्हणवून घ्यायचे, शाळेत प्रार्थना म्हणतात तशी.

सुरुवातीला एक वेगळीच अडचण आली. या गॉगलमधून कपड्यांच्या आरपार दिसतं अशी अफवा तळावर पसरली होती. मी तपासणीसाठी गॉगल डोळ्यांना लावला की समोरचे दहा-बारा धिप्पाड पुरुष हळूच ट्रकच्या मागे जायचे. शेवटी मी गॉगल काढून त्यांच्यातल्या सर्वांत लाजऱ्या माणसाच्या डोळ्यांवर चढवला आणि सगळ्यांना त्याच्यासमोर उभं केलं. त्याने नीट बघितलं आणि जाहीर केलं, "काही दिसत नाही. तुम्ही आहात त्यापेक्षा वाईट दिसता, तेवढंच."

एकदा इचोड्याच्या बाहेर मोठ्या रस्त्याला लागताना ढाब्यावरच्या एका ट्रकने अचानक सगळे दिवे लावले. गॉगलमध्ये नुसता हिरवा पूर आला. आमच्या ड्रायव्हरने शिकवल्याप्रमाणे ब्रेक दाबला, गॉगल वर केला आणि मग त्याला उघड्या डोळ्यांनीही काही दिसेना. पाच मिनिटं आम्ही रस्त्यात तसेच उभे. ढाब्यावरचा पोऱ्या विचारायला आला, चहा इथेच आणू का.

मराठी महिने आणि तिथ्या मी याच नोकरीत शिकले. शाळेत आम्हाला त्या कोणी शिकवल्या नव्हत्या. माझ्या टेबलामागे तिथ्यांचं कॅलेंडर टांगलेलं असायचं. अष्टमीला चंद्र किती वाजता मावळेल, कोणत्या रात्री झाडीखाली उजेड कमी पडून गॉगलमध्ये नुसते वाळूसारखे कण उडताना दिसतील, ते मी त्यावरून काढायचे. मी आठवड्याचं वेळापत्रक तिथ्यांवर लावते हे कळल्यावर आईने फोनवर लगेच आजची तिथी विचारली, मी सांगितली. मग म्हणाली, "चला, कशाने का होईना."

आता खुणांबद्दल.

गॉगलला डोळ्याजवळ एक रिंग असते. ती फिरवून आपापल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे चित्र स्पष्ट करायचं असतं. नियम असा की गॉगल घातला की प्रत्येक वेळी एखादी चांदणी किंवा लांबचा दिवा बघून रिंग नव्याने जुळवायची. आमच्याकडे गॉगल तीन आणि ड्रायव्हर नऊ, म्हणजे एक गॉगल तिघांत. एकाने जुळवलेलं दुसऱ्याच्या कामाचं नसायचं. निघायची घाई, ढगाळ आभाळ, चांदणी सापडत नाही, मागून कोणीतरी ओरडतोय. कित्येकदा ड्रायव्हर अर्धवट जुळवूनच निघायचे.

माझ्या मावशीने दिलेल्या नेलपॉलिशच्या बाटल्या माझ्या बॅगेत न उघडता पडल्या होत्या. मी कधी लावत नाही. एका दुपारी मी प्रत्येक ड्रायव्हरला बसवून त्याची रिंग नीट जुळवली आणि त्या जागी त्याच्या रंगाचा बारीक ठिपका दिला. एकाचा गुलाबी, एकाचा चंदेरी, एकाचा लाल. आता गॉगल घ्यायचा, आपल्या ठिपक्यावर रिंग आणायची आणि निघायचं. तळाच्या प्रमुख साहेबांनी येऊन पाहिलं आणि सगळ्यांसमोर कौतुक केलं. माझ्या कामाचं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मोठ्याने कौतुक केलं होतं. कुणाची खूण कुठे आहे आणि कधी दिली, त्याची मी एक वही ठेवली.

या सोयीमुळे लोक चांदणी बघायचं सोडून देतील हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ठिपका बोटांनी चाचपूनही कळायचा. महिन्याभरात रिंग जुळवणारा एकही ड्रायव्हर राहिला नाही.

लाल ठिपका वामनकाकांचा. ते हवालदार होते, आमच्याच जिल्ह्यातल्या मुधोळकडचे. घरी भाजीचा मळा होता, भावाने सांभाळलेला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता आणि ते हे दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगायचे. माझं आजोळ मुधोळचं, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढून घेतलं. तेव्हापासून चारचौघांत मी मॅडम आणि एकटी असले की पोरी. बाजारातून वांगी आणली की माझ्या खोलीच्या दाराशी चार ठेवून जायचे, हाक न मारता. एवढ्या पुरुषांत एकट्या राहणाऱ्या मुलीला यात किती आधार असतो, ते मी लिहून दाखवू शकत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर ते गॉगल घेऊन आले. लाल ठिपक्यावर धूसर दिसतंय म्हणाले. मी तपासला, गॉगल ठीक होता. त्यांची रिंग पुन्हा जुळवली तर ती ठिपक्यापासून चांगली सरकली. जुना ठिपका रिमूव्हरने पुसला, नवा दिला, वहीत लिहिलं. तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. या वेळी रिंग उलट्या बाजूला गेली.

चाळिशीनंतर नंबर बदलतो, पण तो असा पुढे-मागे झुलत नाही. मी बघत होतेच. त्यांच्या सीटखाली आता दोन बाटल्या पाणी असायचं. गस्तीत ते वारंवार उतरायचे. मेसमध्ये जिलबी झाली त्या दिवशी त्यांनी स्वतःची राजन्नाच्या ताटात टाकली होती. आमच्या घरी आजोबांना साखरेचा आजार होता. साखर चढली-उतरली की काही दिवस डोळ्याचा नंबरही बदलतो, हे मला त्यांच्यामुळे माहीत होतं.

"काका, शुगर तपासली का?" मी विचारलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग खिशातून तंबाखूची डबी काढली आणि उघडून दाखवली. आत गोळ्या होत्या.

"आदिलाबादच्या डॉक्टरनं देल्या. आठोन राह्यली तं घेतो." डबी बंद करून ते म्हणाले, "दोन वर्सं राह्यली पोरी पेन्शनले. हे कागदावर गेलं का गाडी गेली हातातून. मंग बसवतीन गेटावर दांडी उचलाले. बावीस वर्सं गाडी चालोली मी."

मी लाल नेलपॉलिशची बाटली उघडली. ते म्हणाले, "तू बोलत नाई कोणासंगं, म्हून तुले सांगतलं. आपल्या गावची नात हायेस तू."

मी लाल ठिपका नव्या जागी दिला. वहीत तारीख आणि जागा लिहिली. कारणाचा रकाना मोकळा ठेवला.

लहानपणापासून माझं न बोलणं लोकांनी गुण म्हणूनच धरलं होतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात तसं लिहून यायचं. मीही तसंच मानत आले होते.

राजन्ना आमचा गाइड होता. तिशीतला, उटनूरकडचा, तेलुगू घरातला. मराठी तो इचोड्याच्या बाजारात शिकला होता, त्यामुळे भाव करताना त्याचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. मी त्याच्याहून लहान, तरी मला अक्का म्हणायचा. गाडीपुढे चालताना तो दहा पावलं तोंडाने मोजायचा. वामनकाकांशी त्याचं रोजचं चालायचं. काका म्हणायचे, "तू पुढं चालून राह्यला म्हून मले झोप येते." राजन्ना म्हणायचा, "झोपा ना काका. ट्रकला रस्ता माहीत आहे, तुम्हीच मध्ये मध्ये करता."

ती रात्र वद्य द्वादशीची होती. चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता आणि संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. मी गाडीत नव्हते. जे सांगते ते नंतर ऐकलेलं आहे. जंगलातल्या एका नाल्यावर रपटा आहे, म्हणजे पाणी वरून जाऊ देणारा ठेंगणा पूल. दोन्ही कडांना दगडी खुंट. राजन्ना उतरून पुढे गेला. पलीकडची कड पाण्याने खचलेली त्याच्या पायाला जाणवली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने टॉर्च आडवा हलवला. वामनकाकांच्या म्हणण्याप्रमाणे तो वर-खाली हलत होता. ट्रक येत राहिला. राजन्नाला डावीकडे उडी मारायला जागा नव्हती, उजवीकडे खुंट होता. पुढच्या चाकाने त्याचा पाय खुंटावर दाबला. शेजारी बसलेल्या जवानाकडे गॉगल नव्हता. त्याने फक्त आवाज ऐकला.

तपासायला म्हणून गॉगल पहाटे माझ्याकडे आला. रिंग बरोबर लाल ठिपक्यावर होती.

उजाडल्यावर वामनकाका माझ्या वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. कपड्यांवर अजून चिखल होता. दिवसा तपासणी करायला गॉगलला बारीक छिद्राचं झाकण लावतात. त्यांनी ते लावलं, गॉगल डोळ्यांना धरला, खिडकीतून लांबच्या टॉवरकडे बघितलं आणि रिंग फिरवायला लागले. रिंग लाल ठिपक्यावरून पुढे गेली, आणखी पुढे गेली आणि बोटभर अंतरावर थांबली. त्यांना तिथे स्पष्ट दिसलं असणार, कारण हात तिथेच राहिला. आम्ही दोघांनी ते अंतर पाहिलं. मग त्यांनी रिंग मागे फिरवून पुन्हा ठिपक्यावर आणली आणि गॉगल टेबलावर ठेवला.

"मले 'ये'च दिसलं, पोरी," ते म्हणाले. "देवाशप्पत."

ते खरं बोलत होते. चित्र धूसर असलं की टॉर्चचा ठिपका फुगून गोळा होतो. दहा पावलांवर माणसाचा हात जेवढा हलतो, जवळजवळ तेवढाच तो गोळा दिसतो. त्यात आडवी हालचाल बुडून जाते. आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी स्वतःच वर-खाली होत असते, त्यामुळे डोळ्यांना तो गोळा वर-खाली होताना दिसतो. राजन्ना थांब म्हणत होता आणि काकांना ये दिसत होतं. हे तळावर फक्त मला समजावून सांगता आलं असतं.

चौकशी मेसच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे तीन अधिकारी, त्यातले दोन बाहेरून आलेले. एकाचं बयान दुसऱ्याच्या विरुद्ध होतं, म्हणून सगळं गॉगलवर येऊन ठेपलं. गॉगल चालू स्थितीत होता का? होता. रिंग ड्रायव्हरच्या खुणेवर होती का? होती. खूण त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्याप्रमाणे दिलेली होती का? हो. मी एकही खोटं वाक्य बोलत नव्हते.

मग बाहेरून आलेल्या एका अधिकाऱ्याने गॉगल उजेडात धरला. रिमूव्हरने त्या रिंगच्या काळ्या प्लॅस्टिकची चमक खाल्ली होती. जिथे जिथे मी जुना ठिपका पुसला, तिथे पांढरट डाग उठला होता. लाल ठिपक्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक.

"ये सफेद दाग क्या हैं?" त्यांनी विचारलं.

वामनकाका भिंतीशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडून उत्तर इंग्रजीत आलं, "क्लीनिंग मार्क्स, सर."

त्यांनी मान हलवली आणि गॉगल खाली ठेवला. वही कोणी मागितली नाही, कारण ती आहे हे कोणाला माहीत नव्हतं. निष्कर्षात लिहिलं गेलं: गाइडकडून चुकीचा इशारा. त्या आठवड्यात राजन्नाचा पाय गुडघ्याखाली कापला. वामनकाकांची गाडी त्यांच्याकडेच राहिली. माझ्या दाराशी वांगी यायची थांबली, मग काही दिवसांनी पुन्हा आली. मी ती उचलून मेसमध्ये देऊन टाकायचे.

अडीच महिन्यांनी कंपनीच्या कामाला हैदराबादला गेले असताना मी तिथल्या इस्पितळात राजन्नाला भेटले. हे इतके दिवस का लांबवलं, ते वाचणाऱ्याला कळेल. वॉर्डात त्याची बायको लक्ष्मी खाली बसून मोसंबी सोलत होती. तिला मराठी येत नव्हतं. राजन्ना उशीला टेकून बसला होता आणि त्याच्या हातात साधा पेन्सिल टॉर्च होता. मला पाहून हसला आणि म्हणाला, "अक्का, या. आता एकच पाय, म्हणून मी दहावरून पाच पावलांवर आलो."

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्याने टॉर्च लावून समोरच्या भिंतीवर धरला. आधी आडवा हलवला, मग वर-खाली.

"रोज करून बघतो," तो म्हणाला. "मी थांब म्हणलो होतो. आडवा हात. पण सगळे लिहितात मी ये म्हणलो. साहेब लोक लिहितात, काकापण म्हणतात. काका खोटं बोलणार नाहीत. मग आता रात्री मला आठवतं तर हात वर-खालीच आठवतो." त्याने टॉर्च माझ्याकडे दिला. "तुम्हाला यातलं कळतं. असं होतं का माणसाला? हात वेगळा जातो आणि डोक्याला वेगळं वाटतं?"

पाय गेल्याबद्दल तो काही विचारत नव्हता. त्याच्या मनात फक्त एवढंच होतं की त्याचा हात त्याला न सांगता चुकला का.

"तुम्ही थांबच म्हटलं होतं," मी म्हणाले.

"तुम्ही तिथे नव्हता, अक्का."

"नव्हते. काकांना ते दिसूच शकलं नसतं. त्यांचा नंबर बदलला होता. त्यांना साखरेचा आजार आहे." आणि मग मी त्याला ठिपक्याबद्दल, रिंगबद्दल, त्या बोटभर अंतराबद्दल सगळं सांगितलं. एवढं सलग मी कोणाशी बोलले नव्हते.

त्याने ऐकून घेतलं. माझ्या हातातला टॉर्च काढून घेऊन बंद केला. लक्ष्मी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

"तुम्हाला केव्हापासून माहीत?" त्याने विचारलं.

"आधीपासून."

तो माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने लक्ष्मीकडे तेलुगूत पाणी मागितलं, प्यायला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. लक्ष्मीने मला अर्धं मोसंबं दिलं. मी ते हातात धरून बस स्टँडपर्यंत आले.

तळावर परतल्यावर मी साहेबांना पत्र लिहिलं, वही जोडली, आणि चौकशीत मी डागांबद्दल खोटं उत्तर दिलं असं स्पष्ट लिहिलं. साहेबांनी बोलावलं. पत्र दोनदा वाचलं आणि मी हे तेव्हाच का सांगितलं नाही, एवढंच विचारलं. कंपनीने मला लेखी समज दिली, पण काढलं नाही. तिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. कागद वर गेले. बऱ्याच दिवसांनी नोंदीत बदल झाला असं साहेबांनी सांगितलं. 'चुकीचा इशारा' काढून 'कारण निश्चित नाही' असं लिहिलं गेलं. मी ते राजन्नाला कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही.

वामनकाकांची तपासणी झाली आणि त्यांना गेटवर बसवलं. दांडी उचलायला. एका सकाळी मी आदिलाबादहून येऊन रिक्षातून उतरले तेव्हा ते तिथे होते. या गेटमधून मी शेकडो वेळा आत गेले होते.

"पास दाखवा, मॅडम," ते म्हणाले.

मी पास दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब नेला, मग पुन्हा जवळ आणला. कुठेच जुळत नव्हतं. मी माझं नाव सांगितलं असतं तर चाललं असतं, पण मी गप्प उभी राहिले आणि ते वाचेपर्यंत थांबले. मग त्यांनी दांडी वर केली.

मी अजून हेच काम करते, आता दुसऱ्या तळांवरही. तिन्ही गॉगलवरचे ठिपके मी साहेबांना पत्र दिलं त्याच आठवड्यात पुसले. पांढरे डाग गेले नाहीत. नव्या बॅचने विचारलं तर ते काय आहेत हे मी सांगते.

बॅचच्या पहिल्या रात्री, तो बसायचा अर्धा तास संपला की मी एकेका ड्रायव्हरला गॉगल घालायला देते आणि त्याची रिंग मुद्दाम थोडी सरकवून ठेवते. एकाला बॉनेट धरून हलवत राहायला सांगते, रस्त्यावर हलते तशी. मग टॉर्च घेऊन मी गाडीपुढे चालत जाते. दहा पावलं, तोंडाने मोजत. वळून उभी राहते आणि हात डावीकडून उजवीकडे हलवते. ड्रायव्हरने इशारा ओळखून मोठ्याने सांगायचा असतो.

केबिनमधून आवाज येतो, "ये."

इंजिन बंद असतं. तरी मी थोडी डावीकडे सरकते.